उतरणीचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डावा. हे आधीच सांगून टाकतो, कारण बूट म्हटले की लोक जोड धरतात आणि दोघांना एकाच मापाने मोजतात. माझा जोडीदार उजवा इथे शेजारीच आहे, स्वभावाने बरा आहे, पण गोष्ट माझी आहे. तेव्हा मित्रांनो, जरा माझ्या बाजूला वळून बसा.

मी रस्त्यावर हिंडणारा साधासुधा बूट नाही. मी डोंगरातला बूट आहे, आणि त्यातही उतरणीचा. आमच्या डोंगरावर चढायचे काम रोपवे करतो. लोक पाळण्यात बसतात, गप्पा मारतात, खिडकीतून फोटो काढतात आणि आयते शिखरावर जाऊन पोचतात. तिथून खाली तळ्यापर्यंत मात्र कुठलेही यंत्र जात नाही. तिथे पायच लागतात, आणि पायांना मी लागतो. ती वाट मी दोन हजारांहून जास्त वेळा उतरलो आहे. उजवा म्हणेल, तोही तितक्याच वेळा उतरला. असेल. त्याला विचारलंय कोणी?

माझा जन्म एका अरुंद गल्लीत, मोचीकाकांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एकच खोली. एका भिंतीला पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले, दुसरीला चामड्याच्या गुंडाळ्या टेकवलेल्या, मध्ये ठोकळा, आणि सगळीकडे मेणाचा नि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. एके दिवशी पंचविशीतला एक तरुण आत आला. त्याला नुकताच वाटाड्याचा बिल्ला मिळाला होता आणि तो शर्टावर इतका मधोमध लावला होता की काकांना आधी बिल्ला दिसला आणि मग माणूस. काकांनी त्याचे पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तुमचा डावा पाय मोठा आहे की हो. अर्ध्या नंबराने."

"मग दोन्ही बूट मोठे शिवा," तरुण म्हणाला.

"आणि उजव्यात काय कापूस कोंबणार? डावा मोठाच शिवतो. ज्याचं त्याचं माप ज्याला त्याला."

अशा रीतीने मी उजव्यापेक्षा अर्ध्या नंबराने मोठा झालो. हे त्याने अजून मान्य केलेले नाही. तो म्हणतो, तुझी फक्त शिवण सैल आहे. मी अशा बोलण्याकडे लक्ष देत नाही.

त्या तरुणाचे पुढे सगळ्या डोंगरावर एकच नाव पडले, सावकाशदादा. कारण ते दिवसातून शंभरदा हा एकच शब्द म्हणायचे. शिखरावर पाळण्यातून माणसे उतरली की दादा त्यांना सपाट खडकावर ओळीने बसवत आणि बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला लावत. लोक कुरकुर करायचे. सकाळीच बांधल्या आहेत, म्हणायचे. दादा म्हणायचे, "ती सपाटीची गाठ आहे. उतरणीची वेगळी. टाच मागे आपटा, पाय मागे सरकू द्या, आणि मग घोट्याशी आवळा. नाही आवळलंत तर बोटं पुढे आपटतील आणि संध्याकाळी माझ्या नावानं खडे फोडाल." माणसे जमिनीवर टाचा आपटू लागली की खडकावर असा काही आवाज व्हायचा की माझा ऊर भरून यायचा. मला ऊर नाही हे मला ठाऊक आहे. पण जीभ आहे, आणि ती तेव्हा ताठ व्हायची.

मग दादा प्रत्येकाचा बूट हातात घेऊन वाकवून बघत. टाच आणि चवडा धरून मधोमध दाबायचा, आणि तळ जिथे चामड्याला चिकटलेला असतो तिथे अंगठा फिरवायचा. कुठे फट दिसली तर त्या माणसाला ते सरळ परतीच्या पाळण्यात बसवून देत, मग तो कितीही मोठा साहेब असो. आमची तपासणी तर दर हंगामाच्या सुरुवातीला व्हायची. बावीस वर्षांत माझा तळ अकरा वेळा बदलला. प्रत्येक वेळी मोचीकाका म्हणायचे, "वरचं चामडं अजून नव्यासारखं आहे." उजव्याबद्दल ते असे काही म्हणाल्याचे मला आठवत नाही.

वाटही ऐका. शिखरावरून आधी डोंगराचा अरुंद दांडा उतरायचा, दोन्ही बाजूंना मोकळे आभाळ. दांडा संपला की वाटेला दोन फाटे फुटतात. एक सरळ घळीत शिरतो. घळीत नुसता घसारा, म्हणजे सुटे दगड आणि बारीक खडी. पाऊल टाकले की पायाखालची जमीनच हातभर पुढे जाते. तिथून उतरायला मजा येते आणि दीड तासात माणूस तळ्यावर असतो. दुसरा फाटा रानातून वळसे घेत जातो. त्याला अडीच तास लागतात. दादा पाहुण्यांना बहुधा घळीतूनच नेत, कारण पलीकडच्या काठावर जाणारी शेवटची बोट पाचला सुटते. घळीत दादांचा सगळा भार माझ्यावर असायचा. आधी डावे पाऊल रोवायचे, ते टिकले की उजवे. मी एकदाही दगा दिला नाही. वाटाड्यांच्या कचेरीत भिंतीवर एक फोटो आहे. त्यात दादांचे डोके चौकटीबाहेर गेले आहे, पण मी मात्र पूर्ण आलो आहे.

तेविसाव्या हंगामाच्या तोंडावर दादांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "चढायचं तेवढं चढा, पण उतरणं बंद." आमच्या डोंगरावर चढायला पाळणा, आणि पाय लागतात ते उतरायलाच. घरी येऊन दादांनी आम्हांला एका खोक्यात घातले, वर वर्तमानपत्र टाकले आणि खोके पलंगाखाली ढकलले. दादांना खालच्या रोपवे स्टेशनवर तिकिटे तपासायचे काम मिळाले. दिवसभर ते लोकांना वर पाठवायचे आणि स्वतः मान वर करून डोंगराकडे बघायचे नाहीत, असे म्हणतात.

मित्रांनो, खोक्यात दोन वर्षे काढणे म्हणजे काय ते तुम्हांला कसे सांगू? आमच्याबरोबर एक बिघडलेली इस्त्री होती आणि पंख्याची तीन पाती. इस्त्री सारखी जुन्या दिवसांबद्दल बोलायची. मी गप्प असायचो. तेल नाही, ऊन नाही, कोणाचा हात नाही. चामडे आखडत गेले. आणि खाली, तळाच्या सांध्यात, काहीतरी सुकत चालले आहे हे मला कळत होते. सोल्यूशन वापरात असले तर टिकते, पडून राहिले तर मरते. पण मी स्वतःला सांगितले, मला काय होणार? मी डावा आहे.

दादांची लेक तेव्हा तेवीस वर्षांची होती. लहानपणी ती बाबांच्या मागे मागे ती वाट उतरली होती, आणि दोन वर्षे इतर वाटाड्यांच्या हाताखाली गटांबरोबर जात होती. आता तिला स्वतःचा बिल्ला हवा होता. दुसरे काही तिने आयुष्यात इतके मागितले नव्हते. परीक्षेचा नियम साधा. सहा जणांचा गट शिखरावरून तळ्यावर न्यायचा, सगळे धडधाकट, आणि पाचच्या बोटीच्या आत. कचेरीतल्या मॅडम मागून चालणार, पण तोंडातून एक शब्द काढणार नाहीत. वाट सांगणार नाहीत की मदत करणार नाहीत.

परीक्षेच्या आधल्या दिवशी दुपारी लेकीने खोके बाहेर ओढले. तिच्या नव्या बुटांनी टाचेला फोड आणले होते. तिने माझ्यात पाय घातला आणि तशीच बसून राहिली.

"बाबा, तुमचा डावा पाय मोठा आहे ना?"

"हो. का गं?"

"माझा पण आहे. मला आजच कळलं. हा बरोबर बसतोय."

दादा दारात उभे होते. त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "काढ तो. असा घालून जाणार होय? लोक काय म्हणतील. तेलाची डबी आण."

ती दुपार मी विसरणार नाही. दादांनी मला मांडीवर घेतले. आधी कोरडा ब्रश, मग ओला कपडा, मग तेल, मग पुन्हा कपडा. बोटाला फडके गुंडाळून प्रत्येक शिवणीतून फिरवले. ते काहीतरी गुणगुणतही होते, आणि लेक चहा घेऊन आली तरी त्यांचे लक्ष नव्हते. उजव्यालाही चमकवले, पण माझ्यानंतर. संध्याकाळपर्यंत माझ्यात खिडकी दिसत होती. आनंदाच्या भरात दादांच्या हातून एकच गोष्ट राहून गेली. ज्या माणसाने हजारो परक्या लोकांचे बूट वाकवून पाहिले, त्याने त्या दिवशी माझ्या तळावरून अंगठा फिरवला नाही. आणि मी इतका फुगलो होतो की मलाही ते आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही शिखरावरून निघालो. गटात सहा जण होते. त्यांत एक कॅमेरेवाले काका होते, दर दहा पावलांवर घड्याळ बघणारे, आणि एक निवृत्त नर्सबाई होत्या, ज्यांच्या पिशवीत अख्खा दवाखाना होता. लेकीने सगळ्यांना खडकावर बसवून नाड्या बांधून घेतल्या, एकेकाचा बूट वाकवून पाहिला. स्वतःच्या पायातले बूट तिने पाहिले नाहीत. ते बाबांनी तयार केले होते ना.

दांडा झकास उतरलो. लोक पाठीमागे म्हणत होते, बूट बघा कसले आहेत. मी ऐकत होतो. तीन वाजता आम्ही घळीच्या तोंडाशी आलो. लेकीने पहिले पाऊल खाली टाकले आणि माझ्या चवड्यापाशी टक् असा आवाज झाला.

मित्रांनो, माझा तळ उघडला होता. उजव्याचा नाही. माझा. बोट जाईल एवढी फट पडली होती आणि तीत खडी शिरत होती. बावीस वर्षांचा तोरा एका क्षणात खाली गळून पडला. लाज वाटून चामड्यात तोंड लपवावे, तर लपवायला जागा नव्हती.

लेकीने पाऊल मागे घेतले. ती मुकाट्याने पुढे जाऊ शकली असती. फट अजून कोणाला दिसली नव्हती. पण ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझ्या बुटाचा तळ उघडलाय. इथे थांबू या."

नर्सबाई लगेच पुढे आल्या. पिशवीतून ताणाचे बँडेज काढले आणि मला चवड्यापासून घोट्यापर्यंत आवळून गुंडाळले. "चाळीस वर्षं माणसं बांधली," त्या म्हणाल्या, "बूट पहिल्यांदाच बांधतेय. बरा होईल म्हणते मी."

"झालं तर मग," कॅमेरेवाले काका म्हणाले. "चला उतरू. पाचची बोट आहे."

लेकीने घळीत खाली पाहिले, मग रानाच्या वाटेकडे. "काका, आपण रानातून जाणार आहोत. बोट चुकेल. आत्ताच सांगून ठेवते."

"अहो, पण घळीतून दीड तास लागतो, हे तुम्हीच सांगितलंत निघताना."

"हो, चांगल्या बुटांनी. हे बँडेज घसाऱ्यात टिकायचं नाही. मध्येच मी पडले तर तुम्हा सहा जणांना खाली नेणारं कोणी नाही. मॅडम आज बोलणार नाहीत."

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिले. मॅडम झाडांकडे बघत होत्या.

"पण परीक्षा तुझी आहे ना?" नर्सबाईंनी हळूच विचारले. "पाचच्या आत नाही पोचलीस तर?"

"तर नापास."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. पण माणसाचे खरे काय ते चेहऱ्यावर दिसत नाही. बुटाला ते कळते. तिची पाचही बोटे माझ्यात आत मुडपली होती. मी त्यांना शक्य तितके घट्ट धरून ठेवले. तेवढेच माझ्या हातात होते.

रानाच्या वाटेने आम्ही चालू लागलो. दर पावलाला माझा फटक फटक आवाज होत होता. पाखरे उडून जात होती. मला वाटले, आता उजवा टोमणा मारणार, इतक्या वर्षांचे साठवलेले सगळे बाहेर काढणार. उलट, लेकीचा भार तो जास्त घेऊ लागला. उतरणीवर आता आधी उजवे पाऊल रोवले जात होते. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते, पण आता सांगितले पाहिजे. त्या दिवशी उजव्याने दोघांचे काम केले.

पाचाला काही मिनिटे असताना रानातल्या शेवटच्या वळणावर झाडे संपली आणि समोर तळे आले. मी ते दोन हजार वेळा काठावरून पाहिले होते, पण असे वरून क्वचितच. पाणी कडेला हिरवे, मग निळे, आणि मधोमध आम्ही जिथून निघालो ते शिखर उलटे होऊन पडलेले. वारा आला की शिखर मोडायचे, थांबला की पुन्हा जुळायचे. कॅमेरेवाले काका कॅमेरा न उचलता नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे घळीतून दिसत नाही?"

"नाही काका. घळीत फक्त आपले पाय दिसतात."

तेवढ्यात धक्क्यावरून बोट सुटली. पाण्यावर एक पांढरी रेघ लांब लांब जात राहिली. लेक तिच्याकडे बघत होती. तिने नाक ओढले, बाही डोळ्यांवरून फिरवली आणि म्हणाली, "पुढे मुळ्या आहेत. पाय बघून टाका. सावकाश."

पाच चाळीसला आम्ही धक्क्यावर पोचलो. सहाच्या सहा जण धडधाकट, कोणाला ओरखडासुद्धा नाही. दादा दुपारपासून तिथे येऊन बसले होते. लेक शेवटच्या बोटीत नाही हे पाहून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. ती दिसली तसे ते उठले. मग त्यांची नजर खाली गेली, माझ्यावरच्या बँडेजवर. त्यांनी लेकीला बाकावर बसवले, गुडघ्याची पर्वा न करता स्वतः जमिनीवर बसले, बँडेज सोडले आणि फटीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"मी वरून पुसला नुसता," ते म्हणाले. "वाकवून बघितलाच नाही. चूक माझी आहे, पोरी. तुझी परीक्षा मी बुडवली."

"मी तरी कुठे बघितला, बाबा."

मॅडम पुढे आल्या. दिवसभरात त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडले. "वेळ पाचची होती. तुम्ही पोचलात पाच चाळीसला. नापास."

दादा काहीतरी बोलायला उठत होते. लेकीने त्यांचा हात धरला. "हो मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी वही मिटून पिशवीत ठेवली. "पुढची परीक्षा महिन्याने आहे. त्या गटात एक जागा माझ्या आईसाठी ठेव. तिला किती वर्षं झाली, हे तळं बघायचंय. मी आजवर तिला कुठल्याच वाटाड्याबरोबर सोडलेलं नाही."

मग दादा म्हणाले, "माझ्याबरोबर पण नाही सोडलंत कधी."

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि नावाडी परत येतोय का ते बघायला धक्क्याच्या टोकाला निघून गेल्या.

दादा पुन्हा खाली बसले. त्यांनी मला मांडीवर घेतले आणि तसेच धरून ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी बावीस वर्षांत शिखरावरसुद्धा पाहिले नव्हते. आयुष्यात माझे कौतुक पुष्कळ झाले. पण खरे सांगतो, उघड्या तळाने, बँडेज सुटलेल्या अवस्थेत त्या धक्क्यावर मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही. आणि तो माझा नव्हता, तिचा होता.

दुसऱ्याच दिवशी दादा आम्हांला मोचीकाकांकडे घेऊन गेले. काका आता थकले आहेत, चष्मा जाड झाला आहे, पण हात तोच आहे. काकांनी नवा तळ चिकटवला तोच दादांनी तिथेच स्टुलावर बसून मला वाकवून पाहिले. काका वैतागून म्हणाले, "अहो, वाळू तर द्या."

मित्रांनो, तुमच्याही घरात पलंगाखाली, माळ्यावर, दाराआड एखादी वस्तू पडून असेल, जिने कधीकाळी तुमच्या माणसांना सुखरूप घरी आणले आहे. तिला विसरू नका. आणि कधी बाहेर काढलीत तर नुसती चमकवू नका. चमक बघणाऱ्यांसाठी असते. तिला हातात घ्या, वाकवा, सांध्यांवरून अंगठा फिरवा, कुठे दुखते ते विचारा. माझ्यासारख्या गर्विष्ठ वस्तू आपणहून सांगत नाहीत.

एवढ्यावरच थांबतो. आज महिना पुरा झाला आहे, आम्ही शिखरावर आहोत आणि गट माझ्यामागे उभा आहे. मॅडमच्या आई पांढऱ्या केसांना रुमाल बांधून सगळ्यांच्या पुढे आल्या आहेत आणि लेकीला तिसऱ्यांदा विचारताहेत, "निघायचं ना गं?"